क्रूझवरील केबिन अपग्रेडची बोली आणि लॉयल्टी पॉइंट : एकदाच जाणाऱ्या माणसाने काय करावे?

गुरुजी_वरुड

नमस्कार मंडळी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि आता वरुड तालुक्यात थोडी संत्र्याची बाग सांभाळतो. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त पुण्याच्या मुलाने सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजावर चार रात्रींची सफर ठरवली आहे. आम्हा दोघांसाठी एक आणि मुलगा, सून व नातू यांच्यासाठी तिच्या शेजारची एक, अशा दोन आतल्या बाजूच्या, म्हणजे खिडकी नसलेल्या केबिन त्याने घेतल्या असून पैसेही भरून झाले आहेत.

गेल्या आठवड्यात एक ईमेल आला. बाल्कनीच्या केबिनसाठी बोली लावा, स्वीकारली गेली तर केबिन बदलून मिळेल, नाही तर आहे ती राहील, असा त्याचा आशय आहे. खाली एक पट्टी दिली असून रक्कम वाढवत नेली की तिच्यावरचा काटा ‘कमकुवत’कडून ‘भक्कम’कडे सरकतो. बाजार समितीतली हर्रासी मी आयुष्यभर पाहिली आहे, परंतु तेथे दुसऱ्याची बोली आपल्या कानांनी ऐकू येते आणि माल डोळ्यांसमोर पडलेला असतो. येथे काटा कशाच्या आधारे हलतो आहे, तेच समजत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. ही बोली लावण्यात शहाणपणा आहे काय? आणि याच कंपनीच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’चे, म्हणजे पुन्हा येणाऱ्या प्रवाशांसाठीच्या लॉयल्टी पॉइंट योजनेचे, सदस्य व्हा असेही सुचवले आहे, तर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा जाणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचा काही उपयोग होतो काय? सौ.चे मत विचाराल तर तिने एका वाक्यात निकाल दिला आहे : “एवढ्या पैशात तं ठिबकच्या नळ्या नव्या होतीन.”

रुळावरचा_प्रवासी

सर, चाळीस वर्षांबद्दल आधी अभिनंदन. रेल्वेत २००६ पासून अपग्रेडची योजना आहे. वरच्या वर्गात जागा रिकामी राहिली तर पूर्ण भाडे भरलेल्या प्रवाशाला एक पैसाही जास्त न घेता तेथे बसवतात. आम्ही एकदा बडनेऱ्याहून स्लीपरचे तिकीट काढून थर्ड एसीने मुंबईला गेलो होतो. जहाजवाल्यांना हे का जमू नये? रिकाम्या जागेचे पैसे मागणे मला तरी पटत नाही.

दिग्रसचा_कृषी_केंद्रवाला

गुरुजी, मी या विषयातले थोडेसे टक्केटोणपे खाल्लेला माणूस आहे. बियाणे आणि औषधांच्या कंपन्या आम्हा विक्रेत्यांना वर्षभराच्या उचलीवर टूर देतात, हे आपण जाणताच. अशा टूरमधून माझ्या तीन समुद्रसफरी झाल्या आणि नंतर चटक लागल्यामुळे स्वतःच्या पैशाने आणखी तीन केल्या.

लॉयल्टीचा हिशेब सोपा आहे. क्राउन अँड अँकरमध्ये साधारणपणे एका रात्रीला एक पॉइंट मिळतो. तीन पॉइंटांवर गोल्ड, ३० वर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० वर पिनॅकल अशा पायऱ्या आहेत. आपली सफर चार रात्रींची असल्यामुळे परत येताना आपण गोल्ड झालेले असाल, पण त्यात हुरळून जाण्यासारखे काही नाही, कारण गोल्डला किरकोळ सवलतींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. खरी मजा डायमंडपासून आहे, कारण तेथे रोज चार पेये फुकट मिळतात आणि बसायला वेगळी जागा असते.

तरीही सदस्यत्व घ्यावे असेच मी म्हणेन. ते फुकट आहे. उद्या नातू मोठा होऊन पुन्हा नेतो म्हणाला, तर शून्यापासून सुरुवात तरी करावी लागणार नाही.

कापूसकोंडी_सेलू

चार रात्रींना चार पॉइंट, म्हणजे डायमंडसाठी अशा २० सफरी झाल्या. पिनॅकलसाठी १७५. गुरुजींनी दरवर्षी एक केली तरी १७५ वर्षे लागतील. एवढ्या मुदतीचे कर्ज तर आमची सोसायटीसुद्धा देत नाही.

दिग्रसचा_कृषी_केंद्रवाला

@कापूसकोंडी, हिशेब बरोबर आहे, पण सूटमध्ये, म्हणजे सर्वांत महागड्या ऐसपैस केबिनमध्ये राहिल्यास एका रात्रीला दुप्पट पॉइंट मिळतात, हे आपण धरले नाही. मग साडेसत्त्याऐंशी वर्षांतच काम होते.

लाटांवरची_वर्धेकर

काका, मी वर्ध्याजवळच्या एका खेड्यातली. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट करून सात वर्षे एका परदेशी कंपनीच्या जहाजांवर काम केले. पहिली दोन कॉन्ट्रॅक्ट केबिनच्या साफसफाईत आणि पुढची प्रवाशांच्या मदत कक्षात केली. कंपनीचे नाव लिहीत नाही, परंतु ही पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते, म्हणून सविस्तर सांगते.

अपग्रेड ही बक्षिसी आहे, अशी अनेकांची समजूत असते. मदत कक्षाच्या खिडकीशी दर फेरीला कोणीतरी येऊन सांगे की आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, काही करता आले तर पाहा. आम्ही फार तर शुभेच्छापत्र पाठवू शकत होतो आणि केबिनची साफसफाई करणाऱ्या स्टुअर्डला सांगून पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवायला लावत होतो. केबिन बदलून देण्याचा अधिकार आमच्याकडे जवळपास नव्हताच. ते काम किनाऱ्यावरच्या कार्यालयातला महसूल विभाग करतो आणि तेही जहाज सुटण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून.

रुळावरच्या दादांनी विचारले आहे की रिकाम्या जागेचे पैसे का मागायचे. रेल्वेत वरच्या वर्गात फुकट बसवतात ते खालची बर्थ मोकळी करून प्रतीक्षा यादीतल्याला देता यावी म्हणून. जहाजवाले नेमके तेच करतात, फक्त वर जाणाऱ्याकडूनही पैसे घेतात. बाल्कनीवाला सूटमध्ये गेला की त्याची बाल्कनी खिडकीवाल्याला विकायची, खिडकीवाल्याची केबिन आतल्याला द्यायची आणि शेवटी जी सर्वांत स्वस्त आतली केबिन मोकळी होते, ती ऐन वेळच्या ग्राहकाला विकायची, अशी ती साखळी असते. स्वस्त केबिनला गिऱ्हाईक चटकन मिळते. महागडी रिकामी घेऊन जहाज सुटले तर त्या रात्रीचे पैसे कायमचे गेले.

म्हणून बोली लावताना काका, आधी पुढील गोष्टी लक्षात घ्या. दिसणारी रक्कम बहुधा माणशी असते आणि दोघांकडून घेतली जाते. एकटा माणूस गेला तरी बहुतेक ठिकाणी दोघांचीच भरावी लागते. बोली स्वीकारली की पैसे लगेच कापले जातात आणि ती मागे घेता येत नाही. निर्णय सफरीच्या दोनतीन दिवस आधीपर्यंत लांबू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण केबिनचा प्रकार निवडतो, नंबर निवडत नाही. बाल्कनी म्हटले की कोठलीही बाल्कनी.

परतवाड्याची_आजी

वर्धेकरताईंचे शेवटचे वाक्य सोन्याच्या शाईने लिहून ठेवावे असे आहे. मी बँकेतून निवृत्त झाले, मुलगी परदेशी असते, त्यामुळे या वयात पाचसहा सफरी घडल्या. त्यातल्या एकीत आम्ही बोली लावली, ती लागली आणि आम्हाला जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला वरच्या मजल्यावर बाल्कनी मिळाली. पहिल्या रात्री वारा सुटला. आर्वी–वरुड रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला असेल, त्याला आमची अवस्था सांगावी लागणार नाही. यजमान पहाटेपर्यंत पलंगाची कड धरून होते आणि बाल्कनीचे दार वाऱ्यामुळे उघडवत नव्हते.

जहाज मध्यावर कमी हलते आणि टोकांना जास्त, त्यातही जितके वर जाल तितके झोके अधिक. आम्ही आधी निवडलेली आतली केबिन नेमकी मध्यावर, खालच्या मजल्यावर होती. म्हणजे पैसे भरून आम्ही एसटीतली मधली सीट सोडली आणि मागची घेतली. यात कंपनीची चूक मी म्हणणार नाही, कारण हे सगळे अटींमध्ये लिहिलेले होते आणि ते वाचायची तसदी आम्ही घेतली नव्हती.

केबिनच्या वर आणि खाली काय आहे, हेही नकाशात पाहावे. वर जेवणाचा मोठा हॉल असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आणि खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. काही बाल्कनींच्या आणि खिडक्यांच्या समोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात, तेव्हा समुद्राऐवजी नारिंगी रंगाची एक पाठ पाहत बसावे लागते.

गुरुजी_वरुड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल आभारी आहे. वर्धेकरताई, “कोठलीही बाल्कनी” वाचून एक शंका मनात आली. आमची केबिन मुलाच्या केबिनला लागून आहे. फक्त आम्ही बोली लावली आणि ती लागली, तर आम्ही दोघे भलतीकडे जाऊ काय? सौ.चे गुडघे दुखतात आणि नातू सहा वर्षांचा आहे.

लाटांवरची_वर्धेकर

होय काका, जाल. दोन्ही केबिनसाठी वेगवेगळी बोली लावली तरी एक लागून दुसरी न लागणे सहज घडते. अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. एका कुटुंबात आजीआजोबा अकराव्या मजल्यावर गेले आणि सून व नातवंडे सहाव्यावर राहिली. सगळ्यांची औषधे आजींच्या बॅगेत आणि आजींचा चष्मा सुनेच्या पर्समध्ये. चारही दिवस ते लिफ्टमध्येच भेटत होते म्हणा ना.

आणखी एक बाब सांगते, कारण याविषयी कोणी लिहीत नाही. सामानाला लावायच्या चिठ्ठ्या आपण घरून छापून नेतो आणि त्यांवर केबिनचा नंबर असतो. अपग्रेड शेवटच्या दोन दिवसांत आला तर जुन्या चिठ्ठ्या तशाच राहतात आणि बॅग जुन्या केबिनच्या दारात जाऊन पडते. माझ्या पहिल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये अकोल्याकडच्या एका जोडप्याची बॅग अशी एका जर्मन जोडप्याच्या केबिनसमोर गेली होती. तिच्यातून शेंगदाण्याच्या चटणीचा वास दरवळत होता, म्हणून मी ती ओळखली आणि हातानेच वर नेऊन दिली. त्या काकूंनी मला तिथल्या तिथे अर्धी चटणी बांधून दिली. आम्ही पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर एका खोलीत दोघी राहत होतो. पुढचे पंधरा दिवस माझी फिलिपिनो मैत्रीण पावाला तीच चटणी लावून खात होती.

कापूसकोंडी_सेलू

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे आणि तो मी मोकळेपणाने मांडतो. ज्याला निष्ठा म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी असावी लागते. पॉइंट म्हणजे ग्राहकाच्या पायात घातलेला दोर आहे. ३० ला दोनच कमी आहेत, म्हणून माणूस गरज नसताना आणखी एक सफर करतो. आमच्या गावात एकाने मोबाइलच्या रिचार्जवर मिळणाऱ्या कूपनांसाठी वर्षभर नको ते रिचार्ज मारले आणि शेवटी त्याला स्टीलचा एक डबा मिळाला. शिवाय नियम कंपनीच्याच हातात. कार्निव्हल या कंपनीत वर्षानुवर्षे दिवसांवर दर्जा मिळत होता. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केले की जून २०२६ पासून दर्जा खर्चावर ठरणार. ज्यांनी स्वस्त केबिन घेऊन दिवस साठवले, त्यांचे गणितच बदलले. म्हणून म्हणतो, निष्ठा ठेवायची तर बैलावर ठेवावी.

दिग्रसचा_कृषी_केंद्रवाला

कापूसकोंडीभाऊ, दोर आहे हे मान्य, पण दोराला दुसरे टोकही असते. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या तिन्ही एकाच समूहाच्या कंपन्या आहेत आणि २०२४ पासून एका कंपनीतला दर्जा दुसरीत मानला जातो. एमएससी या कंपनीत तर दुसऱ्या क्रूझ कंपनीतला किंवा हॉटेल साखळीतला आपला दर्जा दाखवला की ते त्याच तोडीची पायरी देतात. म्हणजे एकीकडे साठवलेले दुसरीकडे वापरता येते. नियम बदलतात हे खरे, पण म्हणून तूर पेरायची सोडतो काय आपण?

गुरुजी, एक काम मात्र जरूर करा. सदस्यत्व घेताना नाव पासपोर्टाप्रमाणे अक्षरशः तसेच घाला. माझ्या बाबतीत झालेला घोळ ऐका. पहिल्या टूरला आयोजकाने आडनाव आधी घातले, दुसऱ्या टूरला वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात गेले आणि तिसऱ्या वेळी मी स्वतः बरोबर नाव घातले. परिणामी एकाच माणसाची तीन सदस्यत्वे तयार झाली आणि पॉइंट तीन ठिकाणी विखुरले. आपल्याकडे वाटणीत जसे एका वावराचे तीन तुकडे होतात, तसे. ते एकत्र करून घ्यायला मला पासपोर्टाची प्रत आणि प्रत्येक सफरीचे कागद पाठवावे लागले. दोन सफरींचे सापडले. तिसरीचे दुकानातल्या पावत्यांबरोबर रद्दीत गेले होते.

मेहकरचा_माधव

आम्ही परदेशी गेलो नाही. मुंबईहून लक्षद्वीपला कॉर्डेलिया या कंपनीच्या एम्प्रेस जहाजाने गेलो होतो. या जहाजाचा पूर्वेतिहास येथे सांगण्यासारखा आहे. ते १९९० मध्ये बांधले गेले आणि पुढे अनेक वर्षे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने रॉयल कॅरिबियनकडेच होते. आता मालक वेगळा असल्यामुळे आपण तेथे कितीही रात्री काढल्या तरी क्राउन अँड अँकरच्या खात्यात एकही पॉइंट पडत नाही. पॉइंट कंपनीचे असतात, जहाजाचे नसतात.

कापूसकोंडींच्या म्हणण्याला माझी पुस्ती अशी की कधीकधी कंपनीच राहत नाही. जलेश या कंपनीने २०१९ मध्ये मुंबईहून कर्णिका हे जहाज सुरू केले होते. २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेले.

रुळावरचा_प्रवासी

भंगारात गेलेल्या जहाजाचे प्लॅटिनम सदस्य झाल्यास पत्रा मिळतो काय?

परतवाड्याची_आजी

धाग्यात ‘लक्झरी’ क्रूझचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून थोडे लिहिते. गुरुजी ज्या जहाजावर जात आहेत, त्यावर सूटवाला आणि आतल्या केबिनवाला बहुतेक सोयी एकत्रच वापरतात. पण काही ठिकाणी केबिनच्या दर्जावरून जेवणाची जागाही ठरते. कुनार्ड या कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजावर साध्या केबिनवाल्यांना ब्रिटानिया, त्यावरच्यांना ब्रिटानिया क्लब आणि सूटवाल्यांना प्रिन्सेस ग्रिल व क्वीन्स ग्रिल अशी वेगवेगळी भोजनगृहे आहेत. तेथे अपग्रेड म्हणजे पलंगाबरोबर ताटही बदलते. पंगतीत कोणाला पाटावर आणि कोणाला सतरंजीवर बसवावे, अशा प्रकारचे ते आहे. मला ते रुचले नाही, पण प्रिन्सेस ग्रिलमधून येणारा वास मात्र फार चांगला होता.

याउलट सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजेंट यांसारख्या खऱ्या अर्थाने महागड्या कंपन्यांच्या जहाजांवर सगळ्याच केबिन सूट असतात आणि पेये, बक्षिसी वगैरे भाड्यातच धरलेली असते. डायमंड झाल्यावर जी चार पेये मिळवायची, ती तेथे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर असतात, त्यामुळे अपग्रेडची ओढ आपोआप कमी होते.

लॉयल्टीतल्या सोयींपैकी मला एकच मनापासून आवडली. प्रिन्सेस या कंपनीत सर्वांत वरच्या पायरीवर कपडे धुऊन मिळतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. तेथपर्यंत पोहोचायला मात्र सुमारे दीडशे दिवस समुद्रावर काढावे लागतात, नाही तर पंधरा सफरी पुऱ्या कराव्या लागतात. तेवढ्या काळात मी घरीच किती घाणे धुतले असते, याचा हिशेब करून मी तो नाद सोडला.

वावरातली_वाचक

आपल्याकडची गंगा विलास विसरू नका. २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघाली तेव्हा ५१ दिवसांची आणि ३,२०० किलोमीटरची सफर होती, आणि बोटीवर सगळे मिळून १८ सूट. अपग्रेड मागायचा तर खलाशाच्या खोलीतूनच वर यावे लागेल.

लाटांवरची_वर्धेकर

आजी, घाण्यांचा हिशेब वाचून हसू आवरले नाही.

एक गोष्ट राहिली होती. दिग्रसच्या दादांनी सूटमध्ये दुप्पट पॉइंट मिळतात असे लिहिले, ते बरोबर आहे, परंतु बोली लावून सूटमध्ये गेलेल्याला पॉइंट मूळ केबिनच्या हिशेबानेच मिळतात. दुपटीच्या आशेने बोली वाढवणारे बरेच जण असतात. शिवाय सूटचा रोजचा सेवाशुल्काचा दर अधिक असतो, तो शेवटच्या दिवशी बिलात दिसतो.

आणि काका, बोलीपेक्षा आधी हे करून पाहा. ज्याच्याकडून बुकिंग केले, त्याला फोन करून विचारा की आज बाल्कनीसाठी थेट फरक किती पडतो. कित्येकदा तो फरक पट्टीवरच्या मधल्या आकड्यापेक्षा कमी निघतो. थेट बदल केला तर नंबर आपल्याला निवडता येतो, दोन केबिन शेजारी मागता येतात आणि पॉइंटही त्याच प्रकाराचे मिळतात. काटा भक्कमकडे नेण्याच्या नादात लोक थेट दरापेक्षाही जास्त बोली लावतात. एका गृहस्थाने असे केल्याचे मला त्यांनीच मदत कक्षात येऊन सांगितले. नंतर दहा मिनिटे ते नुसते उभे होते.

कापूसकोंडी_सेलू

मंडीमध्ये सोयाबीनला भाव आला म्हणून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी नेले की तोच पडलेला असतो. त्या गृहस्थांची मनःस्थिती मला पूर्ण समजते.

रुळावरचा_प्रवासी

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण अनुभव नाही असे समजू नका. धाग्याच्या नादाने मीही पुतण्याच्या सफरीसाठी त्याच्या वतीने बोली लावली. ती लागली, पण पैसे कापले गेले नाहीत, कारण कार्डावर परदेशी व्यवहार सुरूच नव्हता. नवीन कार्ड देशातल्या व्यवहारांपुरतेच चालू असते आणि परदेशी वापर आपणच ॲपमधून चालू करावा लागतो, हे मला बोली गेल्यावर कळले. पुतण्या म्हणतो, काका, बरेच झाले. गुरुजी, रक्कम डॉलरमध्ये असेल तर बँकेचे विनिमयाचे शुल्कही वर लागते, तेही धरा.

मेहकरचा_माधव

घरातल्या घरात दर्जा वाटून घेता येतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे काय?

दिग्रसचा_कृषी_केंद्रवाला

होय. क्राउन अँड अँकरमध्ये एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पतीपत्नींना दोघांपैकी ज्याचा दर्जा वरचा, तोच मिळतो आणि अज्ञान मुलांना आईवडिलांचा मिळतो. पॉइंट मात्र ज्याचे त्याचेच राहतात. गुरुजींचा मुलगा सज्ञान आणि पुण्याचा, त्यामुळे तो यात बसत नाही. एकत्र कुटुंबाची सोय अद्याप कोणत्याही कंपनीने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सातबाऱ्यावर अकरा नावे असलेली माणसे त्यांनी पाहिलेली नसावीत.

गुरुजी_वरुड

मंडळी, काल पुण्याहून मुलाने एजंटला फोन केला. वर्धेकरताईंनी सांगितल्याप्रमाणे थेट फरक विचारला, तो पट्टीवरच्या मधल्या आकड्यापेक्षा खरोखरच कमी निघाला. शेजारी शेजारी दोन बाल्कनी मात्र एकाच मजल्यावर शिल्लक नव्हत्या. एक मधोमध होती आणि दुसरी बरीच मागे. ते ऐकताच सौ. म्हणाली की नातू भिंतीपलीकडे असेल तर मला खिडकी कशाला हवी. त्यामुळे बोलीचा ईमेल मी काढून टाकला. ठिबकच्या नळ्या याच महिन्यात बदलून घेतो. सदस्यत्वाचा अर्ज मुलाने भरला आहे.

परतवाड्याची_आजी

योग्य केलेत. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख असतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारी एक वाहिनी असते. ती आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवावी, म्हणजे उजाडले की कळते.

गुरुजी_वरुड

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व. आम्ही परवा सुखरूप परतलो. आजी, आपली युक्ती लाखमोलाची ठरली. वयाच्या सहाव्या वर्षापासून मी पहाटे चारला उठतो, परंतु पहिल्या रात्री त्या काळोखात मला घड्याळाशिवाय काहीच समजेना. दुसऱ्या रात्रीपासून ती वाहिनी चालू ठेवली. चित्रात आभाळ राखाडी झाले की आम्ही दोघे वरच्या उघड्या डेकवर जात होतो. तेथे त्या वेळी एक फरशी धुणारा मुलगा आणि आम्ही, एवढेच असायचो. सौ. डेकवरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि नातू उठून शोधत आला की खाली यायची. बाल्कनीवाल्यांच्या बंद पडद्यांकडे वरून पाहून तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर चाळीस वर्षांत मी चारपाच वेळाच पाहिली असेल.

केबिन मधोमध होती आणि जहाज हललेले जाणवलेही नाही.

आता एक अडचण आहे. चार पॉइंट जमा होऊन मी गोल्ड झालो, तसा ईमेलही आला. परंतु मुलाने अर्ज भरताना घाईत माझ्या वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात घातले होते, त्यामुळे ते पत्र माझ्या वडिलांच्या नावाने सन्मानपूर्वक आले आहे. वडील १९९४ मध्ये गेले आणि त्यांनी वर्धा नदीखेरीज पाणी पाहिले नव्हते. दुरुस्तीसाठी काय काय पाठवावे लागेल?

दिग्रसचा_कृषी_केंद्रवाला

सांगितले होते ना गुरुजी! पासपोर्टाच्या पहिल्या पानाची प्रत, बुकिंगचा कागद आणि जहाजावर वापरलेले सीपास कार्ड, म्हणजे केबिनच्या दाराचे आणि ओळखीचे कार्ड असेल तर त्याचाही फोटो पाठवा. ते कार्ड फेकले तर नाही ना?

गुरुजी_वरुड

नाही. सौ.ने ते विम्याच्या पावत्यांच्या डब्यात ठेवले आहे. नातवाचेही त्याच डब्यात आहे, कारण उतरताना त्याने आजीला ते जपून ठेवायला सांगितले होते. दोन्हींचा फोटो काढून आजच पाठवतो.